दमाने घे!

दर आठवड्याला या पानावर मी एखादा मराठी शब्द घेऊन बसतो आणि वाचकांचा थोडा वेळ खातो. दिवाळी अंकाची गोष्ट निराळी. तो वर्षभर घरात राहतो, चकलीचा तुकडा तोंडात टाकीत घरातली सगळी माणसे तो आळीपाळीने वाचतात. तेव्हा शब्दही सर्वांना पुरेल असा हवा. म्हणून यंदा 'दम' हा शब्द घेतला आहे. तो मला कोशात सापडला नाही. अमेरिकेतल्या एका तलावात सापडला, आणि तोही माझ्या भाच्याच्या नाकातोंडात पाणी जात असताना.

माझा भाचा पुण्याला इंजिनियर आहे. वय अडतीस. चार वर्षांपूर्वी त्याला ट्रायथलॉनचे वेड लागले. ज्यांच्या घरात हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी पोहायचे, मग ओल्या अंगानेच सायकल हाणायची आणि सायकल ठेवून लगेच धावत सुटायचे. मध्ये विसावा नाही. बूट चढवायला लागलेला वेळही घड्याळात धरतात. या नावाची पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोला झाली आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे पान मिळाले. ऑलिंपिकचे अंतर म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. एवढे हाल करून घेण्यासाठी माणसे वर पैसे भरतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला होता.

मला मात्र भाच्याचे मोठे कौतुक. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली जी मोठी शर्यत सुरू झाली, तीत समुद्रात १९०० मीटर पोहावे लागते. ते अंतर त्याने बेचाळीस मिनिटांत काटले. म्हणजे दीड किलोमीटरला तेहेतीस मिनिटे दहा सेकंद. हा हिशेब मी आमच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा मांडला, की अर्थशास्त्राचे प्राध्यापक मला पाहिले की हळूच उठून ग्रंथालयात जाऊ लागले.

गेल्या वर्षी जूनमध्ये कचेरीच्या कामासाठी त्याला अमेरिकेत कोलोराडो राज्यात पाठवले. तिथल्या बोल्डर गावच्या तलावात एक ट्रायथलॉन होती, तीत त्याने नाव घातले. गाव पाच हजार फुटांहून उंच. पुणे सोडून त्याला चार दिवस झाले होते. शर्यत रविवारी. आमच्याकडे रात्र झालेली. ताई, म्हणजे त्याची आई, त्या आठवड्यात आमच्याकडेच राहायला आली होती. फोन वाजला तो मीच उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय रे, पोहायला वेळ किती लागला?"

"एकोणचाळीस मिनिटं," तो म्हणाला. थोडा वेळ थांबून पुढे म्हणाला, "संपलं आता मामा. वय झालं माझं."

मी काही शहाणपणाचे बोलणार होतो, तेवढ्यात ताईने माझ्या हातून फोन घेतला. तिने वेळ विचारली नाही. म्हणाली, "दम लागला होता का रे तुला?"

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "हो, आई."

आणि मग जे मला कळले नव्हते ते सगळे बाहेर आले. शिट्टी झाल्याबरोबर तो नेहमीसारखा झपाट्याने निघाला. दोनशे मीटर गेला असेल नसेल, छातीला कोणी पट्टा आवळावा तसे झाले. श्वास घेतोय, पण आत काही जातच नाही असे वाटू लागले. आजूबाजूला पाय, हात, फेस. पुढची नारिंगी बोया कुठे आहे ते दिसेना. शेवटी त्याने रक्षकाची छोटी होडी पकडली आणि तिला लटकून राहिला. असे धरून थांबायला या खेळात मुभा असते. फक्त होडीच्या आधाराने पुढे सरकायचे नाही.

फोन ठेवल्यावर ताई काही बोलली नाही. ती का बोलली नाही हे मला ठाऊक होते. आमचे दाजी चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले. पहाटे चालायला गेले, परत येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर "जरा दम खातो" म्हणून बसले, ते उठले नाहीत. तेव्हा हा मुलगा कॉलेजात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "तू त्याला लिही, हे पाण्यात उतरणं बंद कर म्हणून. माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकेल."

मी "लिहितो" म्हणालो. पण मुलाला त्याचा छंद सोडायला सांगायचा तर निदान कारण तरी खरे द्यावे. एकोणचाळीस मिनिटे ही वयाची, काळजाची की त्या उंच गावाची, हे कळल्याशिवाय काय लिहिणार? जन्मभर मात्रा मोजलेल्या या मास्तराने मग सेकंद मोजायला घेतले.

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्याचे प्राध्यापक हा माणूस मोठा व्यासंगी. त्यांनी मला थेट १९६८ सालात नेऊन बसवले. त्या वर्षीचे ऑलिंपिक मेक्सिको शहरात झाले. ते शहर २२४० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जवळजवळ तीन हजार फूट उंच. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही शेकडा एकवीसच असतो. पण हवेचा दाबच जवळजवळ पाव हिश्शाने कमी, म्हणून दर श्वासाला पदरात पडणारा प्राणवायूही तितकाच कमी. वाटी तीच, पण आमटी पातळ.

या पातळ हवेने तिथे मोठी गंमत केली. अमेरिकेचा बॉब बीमन ८.९० मीटर लांब उडाला. आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल ५५ सेंटिमीटर पुढे. उलट दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम ज्याच्या नावावर होता, तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क त्याच शर्यतीत सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. क्षणभराच्या कामाला विरळ हवा मदत करते, कारण वाट अडवायला हवाच कमी. दमाच्या कामाला ती मारते.

पोहण्यातही तेच दिसते. शंभर मीटरच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या मायकेल वेंडनने तिथे ५२.२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पण दीड हजार मीटरमध्ये? अमेरिकेच्या माइक बर्टनने त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या देशात १६ मिनिटे ८.५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. ऑक्टोबरात मेक्सिकोला सुवर्णपदक त्यानेच मिळवले. पण वेळ लागला १६ मिनिटे ३८.९ सेकंद. दोन महिन्यांची उसंतही धड झाली नव्हती, तेवढ्यात काही माणूस म्हातारा होत नाही. अर्धे मिनिट कमी पडले ते मुख्यतः हवेमुळे.

मग प्राध्यापकांनी एक तक्ता दाखवला. अमेरिकेतल्या पोहण्याच्या संस्थेने उंचावरच्या तलावांत पोहणाऱ्यांना सूट ठरवून दिलेली आहे. शंभर मीटरला सूट नाही. दीड हजार मीटरला, तलाव ४२५० ते ६५०० फुटांच्या दरम्यान असेल तर २३ सेकंद आणि त्याहून उंच असेल तर साडेबत्तीस. बर्टनची तूट ३०.४ सेकंद! तक्ता आणि माणूस इतके जवळ आलेले पाहून मला परीक्षेचे गुण जुळल्यासारखा आनंद झाला.

पण एक शंका राहिली. भाचा त्याच शर्यतीत सायकलीवर फारसा मागे पडला नव्हता. असे का? तेव्हा कळले की या तीन खेळांचे उंचीशी नाते तीन तऱ्हेचे आहे. सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे समोरची हवा. उंचीवर त्याचा दम कमी होतो, पण शत्रूही दुबळा होतो. म्हणून तर १९७२ साली बेल्जियमचा एडी मर्क्स तासाभराचा विक्रम करायला मुद्दाम मेक्सिकोला गेला आणि तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून आला. धावणाऱ्याला हा फायदा थोडासाच मिळतो. आणि पोहणाऱ्याला? काहीच नाही. डोंगरावर हवा विरळ होते, पाणी विरळ होत नाही. ते गोव्याला जेवढे जड, जवळजवळ तेवढेच बोल्डरला. आपण 'हवापाणी' असा जोडशब्द सहज वापरतो, जणू ती दोन्ही एकाच गाडीतून प्रवास करतात. डोंगर चढताना मात्र हवा मागे पडते आणि पाणी तेवढेच राहते.

दुसरी अडचण त्याहून मोठी. रस्त्यावर धाप लागली तर माणूस वाटेल तितक्या वेळा श्वास घेऊ शकतो. पाण्यात तोंड बुडालेले असते. श्वास हाताच्या फेऱ्याला बांधलेला. समजा माणूस मिनिटाला चोपन्न हात मारतो. तीन हातांमागे एक श्वास घेतला तर मिनिटाला अठरा. दोन हातांमागे घेतला तर सत्तावीस. याहून अधिक मिळायचे नाहीत. भाच्याची सवय तिनांची. त्यात तो घाबरला. आणि घाबरलेला माणूस श्वास घेण्याच्या घाईत सोडायचा विसरतो. छातीत कोंडलेली जुनी हवा बाहेर गेल्याशिवाय नवी येणार कोठून? गुदमरल्यासारखे होते ते पुष्कळदा प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर न गेल्यामुळे.

हे सगळे मी वहीत मांडले आणि ताईला वाचून दाखवले. बोल्डर पाच हजार फुटांवर, म्हणजे तक्त्याप्रमाणे सूट २३ सेकंद. पण तो तक्ता पंधरा-सतरा मिनिटांत अंतर काटणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी. आपला गडी त्याच्या दुप्पट वेळ घेणारा. तेव्हा ढोबळ मानाने पाऊण मिनिट धरा. गोव्याचा समुद्र खारट, त्यात अंग अधिक तरंगते. हे गोड्या तलावात मिळाले नाही. पण बोल्डरला त्याच्या अंगात रबरी वेटसूट होता, तोही तरंगवतो. ती जमा, ही वजा.

ताईने चष्मा पुसला. चाळीस वर्षे तिने घरखर्चाची वही ठेवली आहे. ती म्हणाली, "तेहेतीस दहाचे एकोणचाळीस झाले. म्हणजे सहा मिनिटांना दहा सेकंद कमी. त्यातलं पाऊण मिनिट डोंगरानं नेलं म्हणतोस. मग उरलेली पाच मिनिटं कोणी नेली?"

मला उत्तर आले नाही. रात्री भाच्याला फोन करून त्याच्या मनगटावरच्या घड्याळातली नोंद मागवली. पाण्यातले ते आकडे अगदी काटेकोर नसतात, पण गोष्ट सांगायला पुरेसे होते. दीड हजार मीटरच्या शर्यतीत हा १५९० मीटर पोहला होता. बोया न दिसल्याने वेडावाकडा गेला. ती दोन मिनिटे. होडीला लटकून होता ती दोन. आणि पहिले दोनशे मीटर त्याने ३ मिनिटे ४० सेकंदांत मारले होते. त्याच्या नेहमीच्या चालीने ४ मिनिटे २५ सेकंद लागायला हवे होते. त्या घाईने हात असे गळाले, की पुढे उरलेले एक मिनिट हळूहळू सांडत गेले. हिशेब जुळला. डोंगराने पाऊण मिनिट घेतले होते. बाकीची पाच मिनिटे भीतीने नेली, आणि त्या भीतीला दार उघडून दिले पहिल्या दोनशे मीटरांतल्या घाईने.

तरीही मी लगेच पत्र लिहिले नाही. कारण चाळता चाळता आणखी एक गोष्ट हाती लागली होती, ती मी ताईला वाचून दाखवली नव्हती. २०१७ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. १९८५ ते २०१६ या काळात तिथल्या ट्रायथलॉनमध्ये मृत्यूचे किंवा हृदय एकाएकी बंद पडण्याचे १३५ प्रसंग घडले, ते तीत तपासले होते. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश पाण्यात घडले. सायकल घाटात कोसळते, धावणारा उन्हात पडतो असे आपल्याला वाटते. पण घात होतो तो पहिल्याच टप्प्यात, पाण्यात. आणि ज्यांची शवचिकित्सा झाली त्यांतल्या पुष्कळांना हृदयाचा दोष होता.

म्हणजे ताईची भीती अडाणी नव्हती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिने जे पाहिले ते या आकड्यांतच कुठेतरी बसणारे होते. मी मात्र फोन उचलून आधी वेळ विचारली होती. त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे.

इथे माझ्या मदतीला विहीर आली. आमच्या गावच्या मळ्यात मी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो. काका पायरीवर उभे राहत. भोपळा काढला त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने हातपाय झाडू लागलो. काकांनी उडी मारली नाही, की दोर टाकला नाही. वरून एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत राहिले: "दमानं! दमानं!"

हा शब्द मोठा नामी आहे. फारसीतून आलेला दम म्हणजे श्वास. दम लागतो, दम खातात, दमछाक होते, मार बेदम पडतो; सगळीकडे तोच श्वास. दुसरा दम संस्कृतातला, शम-दमाच्या जोडीतला. त्याचा अर्थ मनाला आवर घालणे. दोन परक्या घरांतले हे दोघे मराठीत येऊन एकाच खोलीत राहिले आणि त्यांच्या बिऱ्हाडातून 'दमाने' हा शब्द निघाला, असे मला तरी वाटते. दमाने घे म्हणजे अक्षरशः श्वासाने घे. अर्थ मात्र आपण घेतो तो सावकाश घे. जो श्वास सांभाळील तोच सावकाश जाईल, आणि जो सावकाश जाईल त्याचाच श्वास पुरेल, हे आपल्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवले आहे.

हे केवळ भाषेचे कौतुक नव्हे, याची साक्ष ल्युइस प्यू या ब्रिटिश पोहणाऱ्याच्या हकिगतीत मिळते. २००७ साली हा गृहस्थ उत्तर ध्रुवावर बर्फाच्या फटीतल्या पाण्यात एक किलोमीटर पोहला, तेव्हा त्याचे सूत्र होते, जमेल तितक्या जोराने जा. २०१० च्या मे महिन्यात तो एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ पुमोरीखालच्या तळ्यात उतरला. उंची सुमारे ५३०० मीटर, पाणी २ अंश सेल्सिअस. आधीच्या सरावात त्याने तेच ध्रुवावरचे सूत्र चालवले. थोडे अंतर जाताच श्वास मिळेना आणि बुडायची पाळी आली. तेव्हा त्याने जोर सोडला. झपाट्याचे पोहणे सोडून ब्रेस्टस्ट्रोक धरला, होईल तितका सावकाश गेला आणि २२ मिनिटे ५१ सेकंदांत किलोमीटर पुरा केला. घाई केली असती तर तो पोहोचलाच नसता.

मग मी भाच्याला पत्र लिहिले. फोन न करता पत्रच लिहिले, कारण पत्र पुन्हा वाचता येते. त्यात 'पोहणे सोड' असे लिहिले नाही. 'घाबरू नकोस' असेही लिहिले नाही. चार गोष्टी लिहिल्या. एक, परत आल्याबरोबर हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घे. तुझ्या वडिलांचे वय तुझ्यापासून आता फार दूर नाही. डॉक्टर नको म्हणाले तर त्या दिवसापासून पोहणे बंद. दोन, पुन्हा उंचावर पोहायचे असेल तर दोन-तीन आठवडे आधी जाऊन राहा; शरीराला तिथली हवा अंगवळणी पडू दे. तीन, पहिले दोनशे मीटर लाज वाटेल इतके सावकाश जा, दर दोन हातांमागे श्वास घे आणि पाण्यात तोंड असताना तो पुरता सोड. चार, छातीत दुखले किंवा धाप थांबेना, तर होडी धरून वर ये. होडी धरणे म्हणजे हरणे नव्हे.

पत्र पाकिटात घालण्यापूर्वी ताईला वाचायला दिले, पाहणीच्या आकड्यांसकट. तिने ते दोनदा वाचले. 'बंद कर' हे शब्द ती शोधत असावी. मग म्हणाली, "तपासणीचं पहिलं लिहिलंस ते बरं केलंस." आणि पाकीट तिनेच चिकटवले.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सगळे कागद पाहून परवानगी दिली आणि दर वर्षी येऊन दाखवायला सांगितले. यंदाच्या जूनमध्ये कामाने तो पुन्हा तिकडे गेला. या खेपेला शर्यतीपूर्वी अडीच आठवडे तिथे राहिला. त्या रविवारी ताई मुद्दाम आमच्याकडे आली. रात्री फोन वाजला. माझा हात आपोआप पुढे झाला, पण मी तो मागे घेतला. फोन तिने उचलला.

"दम लागला का रे?"

"नाही आई. पुरला."

ती खुर्चीत टेकली. पदराने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला. मग मला वेळ कळली. चौतीस मिनिटे वीस सेकंद. मी वही काढली. तेहेतीस दहा, त्यात डोंगराचे पाऊण मिनिट धरले, तरी पंचवीस सेकंद हिशेबात बसेनात. मी पुन्हा बेरीज करू लागलो.

"राहू दे रे," ताई म्हणाली. "घरखर्चात एवढं किरकोळ असतंच."